कवचातला नर आणि डार्विनची आठ वर्षे

१८३५ सालच्या जानेवारी महिन्यात चिलीच्या दक्षिणेकडील चोनोस द्वीपसमूहाच्या किनाऱ्यावर पंचविशीतला एक इंग्रज तरुण शंखशिंपले गोळा करीत हिंडत होता. त्याच्या हाती जाड कवचाची एक समुद्री गोगलगाय लागली. कवचाला जागोजागी बारीक छिद्रे पडलेली होती आणि त्या छिद्रांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे जीव दडलेले होते. भिंगाखाली पाहता ते बार्नेकल या प्राण्याच्या जवळचे वाटले. पण बार्नेकल स्वतःचे चुनखडीचे घर बांधतो; हा तर उघडाच होता आणि दुसऱ्याच्या कवचात बीळ करून राहात होता. तरुणाने तो नमुना मद्यार्कात बुडवून ठेवला आणि जहाज पुढे निघाले. तरुणाचे नाव चार्ल्स डार्विन, जहाजाचे नाव बीगल. बाटलीतला तो जीव पुन्हा बाहेर निघायला जवळजवळ बारा वर्षे लागली.

डार्विन म्हटले की आपल्याला गॅलापागोस बेटे, तिथले फिंच पक्षी आणि माकडापासून माणूस हा त्याच्या नावावर चिकटवलेला अर्धवट सिद्धान्त आठवतो. त्याच्या आयुष्यातील १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे मात्र चरित्रकारही बरेचदा घाईने ओलांडतात. या काळात त्याने फक्त बार्नेकल चिरले. त्या कामात त्याच्यापुढे वरकरणी अगदी साधा भासणारा एक प्रश्न उभा राहिला. प्राण्यामधील नर म्हणजे नेमके काय? आजही जीवशास्त्रज्ञ विचित्र प्रजननाच्या प्राण्यांविषयी बोलताना ज्या कसोटीचा आधार घेतात, तिच्यापर्यंत डार्विन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव सोलत पोहोचला.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी येथे झाला. वडील रॉबर्ट नामांकित वैद्य. आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली. मुलाने वैद्य व्हावे म्हणून त्याला १८२५ मध्ये एडिंबरोला धाडण्यात आले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहून तो पळाला. पण एडिंबरोचा काळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाच्या संगतीत तो समुद्रकाठी ओहोटीच्या डबक्यांत क्षुद्र जीव शोधू लागला. १८२७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने तेथील विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीपुढे आपले पहिले निरीक्षण मांडले. एका सागरी जीवाची अंडी समजली जाणारी वस्तू ही प्रत्यक्षात पोहणारी पिल्ले आहेत, असे ते निरीक्षण होते. पुढे केंब्रिज, तिथे धर्मोपदेशक होण्याची तयारी, प्रत्यक्षात मात्र भुंगेरे गोळा करण्याचा नाद आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांचा सहवास. त्यांच्याच शिफारशीमुळे २७ डिसेंबर १८३१ रोजी तो बीगलवरून निघाला आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतला.

परतल्यावर दोन-तीन वर्षांतच सजीवांच्या जाती बदलतात आणि त्या बदलामागे नैसर्गिक निवड आहे, ही कल्पना त्याच्या वह्यांमध्ये आकार घेऊ लागली. १८३९ च्या जानेवारीत मामेबहीण एमा वेजवूड हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८४२ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून केंटमधील डाउन या खेड्यात राहायला गेले. १८४४ मध्ये त्याने आपला सिद्धान्त सविस्तर लिहून काढला, आपला अकाली मृत्यू झाल्यास तो छापून आणावा अशी सूचना एमासाठी लिहिली आणि कागद कपाटात ठेवून दिले. त्याच वर्षी जातींच्या उत्क्रांतीविषयीचे एक निनावी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते खपले खूप. पण शास्त्रज्ञांनी त्याची अक्षरशः चिरफाड केली. पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याने पत्रातून सहज असे मत मांडले की, ज्याने स्वतः पुष्कळ जाती बारकाईने अभ्यासल्या नाहीत त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. हूकरचा रोख डार्विनकडे नव्हता, पण डार्विनला ते लागले. आपण भूगर्भावर आणि प्रवाळांवर लिहिले आहे, पण एकाही प्राणिगटाचे आपण तज्ज्ञ नाही, ही जाणीव त्याला बोचत होती.

१ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याने चिलीच्या किनाऱ्यावरची ती बाटली उघडली. बीगलच्या संग्रहातला जवळजवळ हा अखेरचाच न अभ्यासलेला नमुना. काम थोड्याच काळात उरकेल असा त्याचा अंदाज होता. त्या चिमुकल्या जीवाला तो आणि हूकर गमतीने मिस्टर आर्थ्रोबॅलेनस म्हणत. पण हा वेगळा कसा हे सांगायचे, तर बाकीचे बार्नेकल कसे असतात हे ठाऊक हवे. ग्रंथ चाळले तर सगळा गोंधळ. मग त्याने इतर संग्राहकांकडून नमुने मागवले, ब्रिटिश म्युझियमचा संग्रह उसना मिळवला, नवा सूक्ष्मदर्शक घेतला आणि सगळ्या जगातल्या, जिवंत आणि जीवाश्म, बार्नेकलांचे वर्गीकरण अंगावर घेतले.

मुंबईकरांना हा प्राणी अपरिचित नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर, बंदरातील धक्क्यांच्या खांबांवर आणि होड्यांच्या बुडाशी पांढरट, धारदार, पायाला कापणारे जे खडबडीत थर दिसतात, ते बार्नेकलच होत. मुंबई बंदरात विपुल आढळणाऱ्या बॅलेनस ॲम्फिट्राइट या जातीचे वर्णन डार्विननेच १८५४ मध्ये केले. बाहेरून हा प्राणी शिंपल्याच्या कुळातला वाटतो आणि कुव्हिएसारख्या थोर शास्त्रज्ञानेही त्याची गणना मृदुकाय प्राण्यांत केली होती. १८३० मध्ये जॉन व्हॉन टॉम्सन याने त्याचे पोहणारे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघणारी पिल्ले, पाहिली आणि हा तर कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद आहे हे दाखवून दिले. हा डिंभ काही काळ समुद्रात पोहतो, मग आपल्या शृंगिकांनी खडकाला चिकटतो, डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचा सिमेंटने जोडून घेतो, भोवती कवच उभारतो आणि उरलेले आयुष्य पाय बाहेर काढून पाण्यातले अन्नकण ओढीत घालवतो.

जो जागचा हलू शकत नाही त्याने जोडीदार कसा शोधायचा? बहुतेक बार्नेकलांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे उभयलिंगीपणा. प्रत्येक प्राणी शुक्राणूही बनवतो आणि अंडीही. कोणीही शेजारी चालतो. शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्यापाशी शरीराच्या मानाने प्राणिजगतातला सर्वांत लांब शिस्न असतो. काही जातींत तो शरीराच्या आठपट लांब होतो. सगळे बार्नेकल उभयलिंगी असतात, असाच डार्विनचाही समज होता. कोपनहेगनचा प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप याने मात्र त्याच सुमारास नेमके उलट टोक गाठले होते. निसर्गात उभयलिंगी प्राणी नसतातच, नीट पाहिले तर प्रत्येक जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी सापडेल, असे त्याचे म्हणणे होते. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१८४८ च्या सुरुवातीस डार्विनच्या टेबलावर इब्ला नावाच्या देठधारी बार्नेकलाचे नमुने आले. ह्यू कमिंग या संग्राहकाने ते फिलिपाइन्समधून आणले होते. एक नमुना चिरला तर त्यात अंडाशय होता, पण पुरुषी इंद्रियांचा पत्ता नव्हता. दुसरा चिरला, तेच. हा प्राणी उभयलिंगी नव्हता, निव्वळ मादी होता. मग नर कुठे? मादीच्या कवचाच्या आत, तिच्या अंगात खालचे टोक रुतवून बसलेले, अळीसारखे इवलेसे जीव दिसत होते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ते परजीवी ठरायचे आणि चिमट्याने काढून फेकून दिले जायचे. डार्विननेही प्रथम त्यांना परजीवीच मानले.

फेकण्याआधी त्याने ते चिरले. त्या जीवांना धड कवच नव्हते, पाय नावापुरते होते. पण शरीराचा मोठा भाग शुक्राणूंनी भरलेला होता. अंडाशय मात्र शोधूनही सापडेना. केवळ अंडी असलेली मादी आणि तिच्यातच रुतलेला केवळ शुक्राणू असलेला हा किडा. दोन अर्धे भाग जुळत होते, पण जुळणे हा काही पुरावा झाला नाही. एखाद्या भलत्याच जातीचा नर मादीवर परजीवी म्हणून राहात नसेल कशावरून?

पुरावा मिळाला तो शृंगिकांमध्ये. डिंभ ज्या शृंगिकांनी चिकटतो, त्या प्रौढपणीही सिमेंटमध्ये जशाच्या तशा टिकून राहतात. त्यांची घडण प्रत्येक जातीगणिक थोडी निराळी असते. डार्विनने त्या एकेक कोरून काढल्या, मोजल्या आणि ताडून पाहिल्या. पुढे स्काल्पेलम या दुसऱ्या देठधारी गटात त्याला असेच सूक्ष्म जीव भेटले, तेव्हाही हीच कसोटी लावली. किड्याच्या शृंगिका त्याच्या यजमानाच्या शृंगिकांशी तंतोतंत मिळत आणि इतर जातींशी मिळत नसत. दोघे एकाच जातीचे होते, एवढे आता निश्चित झाले.

खरा धक्का पुढेच होता. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा दुसरा इब्ला उघडला, तर मुख्य प्राणी नेहमीसारखा उभयलिंगी निघाला. त्याच्यापाशी अंडी होती, शुक्राणूही होते. आणि तरीही त्याच्या अंगावर तसेच चिमुकले नर चिकटलेले होते. युरोपातल्या स्काल्पेलम व्हल्गारे या जातीतही तोच प्रकार. तिथल्या नरांना तर तोंड आणि पोटही नव्हते. डिंभावस्थेतल्या शिदोरीवर थोडे दिवस जगायचे, शुक्राणू पुरवायचे आणि संपायचे. उभयलिंगी प्राण्याला नराची गरज काय, हे कोडे होते. उभयलिंगी जोडीदाराला जोड देणाऱ्या या नरांना डार्विनने पूरक नर असे नाव दिले. स्काल्पेलमच्याच आणखी एका जातीत मादीच्या कवचाच्या आतल्या बाजूस दोन खास खळगे होते आणि त्या खिशांत नर राहात. एका मित्राला लिहिताना डार्विनने या प्रकाराची भरपूर थट्टा केली आहे.

१८४८ च्या मे महिन्यात त्याने हा सगळा वृत्तान्त हूकरला कळवला. हूकर तेव्हा भारतात होता आणि दार्जिलिंगहून हिमालयाच्या वनस्पतींचा शोध घेत होता. पत्राचा आशय असा की, जातींविषयीच्या आपल्या सिद्धान्ताने आधीच मन तयार केले नसते तर हे आपल्या नजरेतून सुटले असते. उभयलिंगी प्राण्यापासून वेगळ्या नर-मादीपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने झाला असावा, असे सिद्धान्त सांगत होता. या कवचांमध्ये त्या पायऱ्या एकामागोमाग एक मांडलेल्या दिसत होत्या. एके ठिकाणी केवळ उभयलिंगी, दुसरीकडे उभयलिंगी आणि जोडीला छोटे नर, तिसरीकडे शुद्ध मादी आणि तिचे नर.

आता जरा थांबून डार्विनने काय केले ते पाहू. त्याच्या समोरच्या जीवाजवळ आपण नर या शब्दाशी जोडतो त्यांपैकी काहीही नव्हते. आकार नाही, बळ नाही, आयाळ-शिंगे-पिसारा नाही, स्वतःचे घर नाही, तोंडसुद्धा नाही. तरीही त्याने त्याला नर म्हटले ते एकाच आधारावर: हा शुक्राणू बनवतो आणि अंडी बनवत नाही. जीवशास्त्राची आजची व्याख्या हीच आहे. लैंगिक प्रजोत्पादनात दोन युग्मके एकत्र येतात. बहुपेशीय प्राण्यांमध्ये त्यांपैकी एक मोठे, अन्नसाठा बाळगणारे असते, ती अंडपेशी. दुसरे लहान, बहुधा पोहणारे, तो शुक्राणू. मोठे युग्मक बनवते ती मादी, लहान बनवतो तो नर आणि दोन्ही बनवतो तो उभयलिंगी.

इतर कोणतीही कसोटी घेतली की कुठे ना कुठे फसगत होते. पिलांचा भार वाहणे हे मादीचे लक्षण मानावे तर समुद्रघोड्यामध्ये नराच्या पोटावरील पिशवीत पिल्ले वाढतात. जननेंद्रियाच्या आकारावर जावे तर ब्राझीलमधील गुहांत राहणाऱ्या निओट्रोग्ला या कीटकामध्ये मीलनाच्या वेळी आत शिरणारे इंद्रिय मादीपाशी असते, असे २०१४ मध्ये दिसून आले. गुणसूत्रांचा आधार घ्यावा तर आपल्यात एक्सवाय म्हणजे नर, पण पक्ष्यांत वेगळी जोडी मादीची असते. आणि कोकणात वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची जी अंडी पुरलेली असतात, त्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. क्लाउनफिश तर आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि गटातली मादी मेली की स्वतः मादी होतो. अमेरिकेतील काही व्हिपटेल सरड्यांच्या जातींत नरच नाहीत. तिथे अनिषेकजननाने, म्हणजे फलनावाचून, संतती होते आणि त्या साऱ्या अंडी घालणाऱ्या म्हणून माद्याच. या प्रत्येक ठिकाणी शास्त्रज्ञ नर किंवा मादी हा शब्द वापरू शकतात तो युग्मकाकडे पाहून. अर्थात ही व्याख्या प्रजननातली भूमिका सांगते, तेवढेच. त्या प्राण्याने दिसावे कसे, वागावे कसे, याविषयी ती काही बोलत नाही.

यामागे आणखी एक गंमत आहे. डार्विन हे काम करीत होता तेव्हा फलन म्हणजे काय हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. लेवेनहुक याने १६७७ मध्ये शुक्राणू पाहिले खरे, पण त्यानंतर दीड शतक अनेक जण त्यांना वीर्यात वळवळणारे परजीवी समजत होते. ते शरीराच्या स्वतःच्या पेशींतून तयार होतात हे क्योलिकर याने १८४१ मध्ये दाखवले. शुक्राणू आणि अंडपेशी यांची केंद्रके एकत्र येतात हे ओस्कार हर्टविग याने सागरी अर्चिनच्या अंड्यात दाखवून दिले ते १८७६ मध्ये. आधी शुक्राणू परजीवी ठरले आणि मग बार्नेकलचा नरही.

या वर्षांत घरी काय चालले होते, तेही सांगायला हवे. डार्विनची प्रकृती पार ढासळली होती. सतत उलट्या, थकवा, हातांना कंप. १८४८ च्या नोव्हेंबरात वडील वारले आणि आजारपणामुळे तो अंत्यविधीला वेळेवर पोहोचू शकला नाही. पुढच्या वर्षी सहकुटुंब माल्व्हर्नला जाऊन डॉ. गली यांचे जलोपचार सुरू झाले. थंड पाण्याच्या घड्या, पहाटेचे स्नान आणि काम दिवसाला फक्त दोन-अडीच तास. आपण फार जगणार नाही ही धास्ती, कपाटात १८४४ चे बाड, आणि टेबलावर बार्नेकल. सिद्धान्त छापायचा सोडून हा माणूस आठ वर्षे किडे का चिरीत बसला, असा प्रश्न चरित्रकारांना पडतो. काही जण त्याला भीतीपोटी केलेली दिरंगाई म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने माद्यांच्या खिशातले नर ओळखले त्याच्या जातीविषयक मताला पुढे जे वजन आले, ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आले नसते.

१८५१ च्या वसंतात त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारी पडली. डार्विन तिला माल्व्हर्नला घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती डाउनलाच राहिली आणि रोजच्या पत्रांची वाट पाहात बसली. २३ एप्रिलला ॲनी गेली. डार्विन दफनविधीसाठीही थांबला नाही, एमाकडे परतला. ख्रिस्ती धर्मावरची त्याची उरलीसुरली श्रद्धा या मृत्यूने संपवली असे काही अभ्यासक मानतात. देठधारी बार्नेकलांवरच्या त्याच्या ग्रंथावर साल आहे तेही १८५१ च.

मुलांना वाटे की सगळेच बाप हे काम करतात. त्यांच्यापैकी एकाने म्हणे शेजारच्या घरातील गृहस्थ आपले बार्नेकल कुठे करतात, अशी चौकशी केली होती.

सगळेच त्याला बरोबर दिसले, असेही नाही. बार्नेकलच्या सिमेंटच्या ग्रंथी अंडाशयापासून तयार होतात असे त्याने ठासून लिहिले, आणि ज्या छिद्राला तो कान समजला ते प्रत्यक्षात अंडी बाहेर पडण्याचे द्वार निघाले. जर्मन शास्त्रज्ञ क्रोन याने १८५९ मध्ये ही चूक दाखवली आणि डार्विनने ती मान्य केली. नरांच्या बाबतीत मात्र त्याचे निदान टिकले. चिलीच्या मिस्टर आर्थ्रोबॅलेनसचे बिंगही अखेर फुटले. तो मिस्टर नसून मादी होता आणि तिच्या अंगावर तिचे सूक्ष्म नर होते.

१८५३ मध्ये रॉयल सोसायटीने या कामाबद्दल डार्विनला रॉयल मेडल दिले. १८५४ च्या सप्टेंबरात शेवटचे नमुने परत रवाना झाले. एकूण चार ग्रंथ, जवळजवळ बाराशे पाने. आठ वर्षांपैकी दोन वर्षे आजारपणात गेली, असा हिशेब त्यानेच मांडला आहे. त्यानंतरची कहाणी सर्वश्रुत आहे. जून १८५८ मध्ये आलेले वॉलेसचे पत्र, १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांच्या लेखांचे वाचन, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’. १८७१ मध्ये ‘डिसेंट ऑफ मॅन’ प्रसिद्ध झाले. त्याचा मोठा भाग प्राण्यांतील नर-मादीच्या भेदांनी आणि लैंगिक निवडीने व्यापलेला आहे. तिथे मोराचा पिसारा आहे, हरणाची शिंगे आहेत. पण मोराच्या थाटामागे नर असण्याचा गाभा किती छोटा असतो, हे तो वीस वर्षांपूर्वीच पाहून चुकला होता. १८७३ मध्ये त्याने ‘नेचर’मध्ये पूरक नरांवर पुन्हा एक टिपण लिहिले. १९ एप्रिल १८८२ रोजी त्याचे डाउन येथे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे दफन करण्यात आले.

मोठे आणि छोटे युग्मक असा भेद मुळात का निर्माण झाला, हे त्याला सांगता आले नव्हते. अन्नसाठा वाढवणारी आणि संख्या वाढवणारी अशी दोनच टोके फायद्याची ठरतात, मधली मागे पडतात, हे पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी १९७२ मध्ये गणिताने मांडले. पूरक नरांवरचे संशोधनही थांबलेले नाही. जिथे वस्ती विरळ आणि शेजारी लांब, तिथे हे छोटे नर अधिक आढळतात असे एकविसाव्या शतकातील अभ्यास सांगतात. स्काल्पेलमचा डिंभ नर होणार की उभयलिंगी, यात तो कोठे स्थिरावतो याचाही वाटा असतो.

राहिला स्टेनस्ट्रुप. मतभेद असूनही त्याने डार्विनला अभ्यासासाठी जीवाश्म बार्नेकल उसने पाठवले होते. काम संपल्यावर १८५४ मध्ये डार्विनने कृतज्ञता म्हणून त्याला स्वतः ओळख पटवलेले ७७ नमुने भेट दिले. ती पेटी पुढे विस्मरणात गेली. २०१४ मध्ये कोपनहेगनच्या संग्रहालयात यादी हाती आली आणि त्या नमुन्यांपैकी बहुतेक कपाटांमध्ये पुन्हा सापडले.